बाबूराव पेंटर आणि त्यांच्या हाताखालची माणसे

श्रोतेहो, गावच्या सुतारमेटावर एक गोष्ट तुम्ही पुष्कळदा पाहिली असेल. एखादा पोरगा लहानपणीच हाताखाली येतो. आधी भुसा काढायचा, पाणी आणायचे, हत्यारांना धार लावायची. मग हळूच रंधा हाती येतो, मग वाकस, मग पटाशी. वर्षे जातात. आणि एके दिवशी त्या पोराने केलेला सांधा म्हाताऱ्या सुताराच्या सांध्यापेक्षा घट्ट बसतो. म्हाताऱ्याला त्या दिवशी आनंद होतो, आणि खरं सांगायचं तर पोटात थोडा गोळाही येतो. आता ह्या पोराचे करायचे काय? त्याला मेटावर बरोबरीची जागा द्यायची, की तो पलीकडच्या गल्लीत स्वतःचे मेट घालीपर्यंत वाट पाहायची?

कोल्हापूरच्या इतिहासात हा प्रश्न एकदा फार मोठ्या रूपाने उभा राहिला. धंदा होता सिनेमाचा, आणि मेट होते बाबूराव पेंटरांचे.

बाबूरावांचे आडनाव खरे म्हणजे मेस्त्री. त्यांचा जन्म 3 जून 1890 रोजी कोल्हापुरात झाला. वडील कृष्णराव मेस्त्री हे सुतारकाम, लोहारकाम, मूर्तिकाम असे हातचे सगळे काही जाणणारे कारागीर. बाबूराव रीतसर कोणत्या चित्रशाळेत शिकले नाहीत. त्यांची शाळा घरातच भरली, आणि त्या शाळेतले वरच्या वर्गातले विद्यार्थी म्हणजे त्यांचे नात्यातले थोरले बंधू आनंदराव. ह्या दोघा भावांनी 1910 च्या पुढे नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविण्यास सुरुवात केली. तो काळ संगीत नाटकांच्या भराचा. राजवाडा, जंगल, रस्ता, देऊळ ही सारी कापडावर उतरवायची आणि मागच्या रांगेतल्या माणसालाही ती खरी वाटली पाहिजेत. दोघांनी ती अशी उतरवली, की लोक नाटकाइतकेच पडद्यांविषयी बोलू लागले. मेस्त्री हे नाव मागे पडून पेंटर हे नाव चिकटले ते तेव्हापासून.

1913 साली दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला. हलणारी चित्रे आपल्या माणसाने काढली, हे पाहिल्यावर ह्या दोघा भावांस चैन पडेना. पडदा रंगवणारा माणूस चित्राला जीव यावा म्हणून धडपडत असतो. इथे तर चित्र चालतच होते! परंतु फाळके विलायतेस जाऊन विद्या शिकून आले होते, आणि यंत्रही तिकडूनच आणले होते. पेंटर बंधूंजवळ विलायतेला जाण्याइतका पैसा कुठला? मुंबईच्या जुन्या बाजारातून त्यांनी चित्रे दाखविण्याचे एक यंत्र पैदा केले, ते उघडले, आणि दाखविण्याच्या यंत्रावरून चित्र घेण्याचे यंत्र कसे करता येईल ह्याच्या नादी लागले.

हे काम किती अवघड होते, ते थोडे सांगतो. कारण पुढची सगळी कथा ह्या एका यंत्रातून निघालेली आहे. फिल्म म्हणजे दोन्ही कडांना भोके पाडलेली एक लांब पट्टी. ही पट्टी भिंगामागून नुसती सरळ धावत राहिली, तर सगळे चित्र पुसट येईल. म्हणून ती क्षणभर थांबली पाहिजे. ती थांबलेली असतानाच भिंगापुढची झडप उघडून मिटली पाहिजे. मग पट्टी बरोबर एका चित्राएवढीच पुढे सरकली पाहिजे, सुताएवढीही कमी नाही, जास्त नाही. आणि हे सारे हाताने दांडा फिरवून, सेकंदाला सोळा वेळा! दातेरी चाकाचा एखादा दाता केसभर चुकला, तरी पडद्यावरचा राजा सिंहासनासकट थरथरू लागेल. असे यंत्र कोल्हापुरात, लेथवर आणि कानशीने, नकाशावाचून करायचे होते.

ते पुरे होण्याच्या आतच, 1916 मध्ये, आनंदराव वारले.

वारसा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे जमीन, घर, पेढी येते. बाबूरावांच्या वाट्याला आला तो अर्धा कॅमेरा. ज्याने कल्पना काढली तो गेला, आणि हातातले काम अपुरे राहिले. अशा वेळी पुष्कळ उद्योग तिथेच मरतात. हा मेला नाही, ह्याचे कारण आनंदरावांनी आपली विद्या एका डोक्यात कोंडून ठेवलेली नव्हती. भाऊ तर बरोबरीने राबतच होता. शिवाय हाताखाली शिकायला आलेली दोन तरुण माणसे त्या कामात मुरलेली होती. एक पेणहून आलेले विष्णुपंत दामले, आणि दुसरे शेख फत्तेलाल, ज्यांना पुढे सारी सिनेसृष्टी साहेबमामा म्हणून ओळखू लागली. दामल्यांचे डोके यंत्रात चाले, फत्तेलालांचा हात रंगरेषेत. दामल्यांच्या साह्याने बाबूरावांनी 1918 मध्ये तो कॅमेरा पुरा केला. कोल्हापुरात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे, तो ह्याच पराक्रमाची आठवण म्हणून.

कॅमेरा झाला, पण कंपनीला भांडवल हवे. सावकार लोक रंगाऱ्याच्या खेळण्यावर पैसे लावीनात. पैसे दिले ते तानीबाई कागलकर ह्या गायिकेने. हे नाव आपल्या शाळांतून मुलांना सांगितले जात नाही, आणि ते सांगायला हवे, असे मला वाटते. तिच्या पैशावर आणि शाहू छत्रपतींच्या आश्रयावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. पहिले चित्र 'सैरंध्री'. 7 फेब्रुवारी 1920 रोजी पुण्याच्या आर्यन चित्रगृहात ते लागले. फाळक्यांना तारामतीचे काम पुरुषाकडून करून घ्यावे लागले होते. बाबूरावांनी कोल्हापुरातल्या दोन स्त्रियांना कॅमेऱ्यापुढे उभे केले. कीचकवधाचा प्रसंग इतका खरा वाटला, की सेन्सॉरने त्याला कात्री लावली. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हणून गौरविले. त्यानंतर सहाच महिन्यांत लोकमान्य गेले.

पण मला तुम्हांला सांगायचे आहे ते त्या चित्रांविषयी नव्हे. ती चित्रे काढणाऱ्या घराविषयी. त्या काळी सिनेमाची शाळा नव्हती, पाठ्यपुस्तक नव्हते, परीक्षा नव्हती. महाराष्ट्र फिल्म कंपनीत शिरायचे, आणि जे काम दिसेल ते करायचे. 1920 मध्ये एक अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा तिथे आला. गंधर्व नाटक मंडळीत थोडे दिवस काढलेले, हुबळीला रेल्वेच्या कारखान्यात हात काळे केलेले. मावसभाऊ बाबूराव पेंढारकर कंपनीत होते, त्यांच्या ओळखीने तो आला. हा शांताराम वणकुद्रे. त्याने तिथे झाडलोट केली, सामान वाहिले, फिल्म धुण्याच्या अंधाऱ्या खोलीत उभा राहिला, आणि 1921 च्या 'सुरेखाहरण' चित्रात कृष्णही झाला. आज कृष्ण आणि उद्या हमाल! त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे, कारण मालक स्वतः तसाच वागत होता. बाबूराव पोशाखाचे नमुने काढीत, देखावे रंगवीत, प्रत्येक प्रसंग आधी पेन्सिलीने कागदावर रेखाटीत, जाहिरातीची चित्रे स्वतः काढीत, आणि कॅमेरा बिघडला तर तो उघडून बसत.

अशा माणसाजवळ शिकण्याची एक रीत असते. तो समजावून सांगत नाही. तुम्ही जवळ उभे राहायचे, पाहायचे, आणि तो हत्यार मागेल त्याच्या आधी ते हातात द्यायचे. शिक्षक मंडळींना ही रीत कदाचित अपुरी वाटेल. तिच्यात दोष आहेतच. मंद मुलगा अशा ठिकाणी मागेच राहतो. पण ज्याला पाहता येते, त्याला नुसती कृती मिळत नाही, माणसाची नजर मिळते. 1923 च्या 'सिंहगड'मध्ये रात्रीचा देखावा हवा होता, तर बाबूरावांनी सूर्याची वाट न पाहता विजेच्या दिव्यांवर चित्र घेतले. तो दिवा कुठे ठेवला, सावली कुठे पाडली, हे फत्तेलाल आणि शांताराम पाहत होते. 1925 मध्ये 'सावकारी पाश' आला. देव नाहीत, राजे नाहीत. एक कुणबी, त्याची जमीन, सावकाराचा खोटा कागद, आणि शेवटी गाव सोडून शहरातल्या गिरणीची वाट. त्यातला शेतकरी शांतारामनेच केला होता. धंद्याच्या हिशेबात त्या चित्राला यश आले नाही. पण अंधारातली ती एकटी झोपडी आणि तो कुत्रा ज्यांनी पाहिला, ते त्याविषयी पुढे कित्येक वर्षे बोलत राहिले. शांतारामांनी पुढे 'कुंकू' आणि 'माणूस' काढले, त्यांचे बी इथले आहे, असे मी समजतो.

आता कथेच्या नाजूक जागेशी आपण आलो.

शागीर्द तयार झाले होते, हे बाबूरावांना दिसत नव्हते असे नाही. 1927 मध्ये 'नेताजी पालकर' चित्राचे दिग्दर्शन त्यांनी शांतारामांकडे दिले. पुढच्या वर्षी 'महारथी कर्ण' दामले-फत्तेलालांनी केला. म्हणजे काम सोपविण्यात बाबूराव कंजूष नव्हते. आपल्या नावावर चालणाऱ्या कंपनीत दुसऱ्याच्या नावाने चित्र काढू देणे, ही साधी गोष्ट नाही. परंतु काम देणे वेगळे आणि घर देणे वेगळे. दामले-फत्तेलाल तर कॅमेरा अर्धा असल्यापासूनचे सोबती. पण कंपनीत ते नोकरच राहिले. पुढे काय करायचे, पैसा कुठे लावायचे, कोणते चित्र आधी काढायचे, ह्यात त्यांचा शब्द शेवटचा नव्हता. तिशी-चाळिशीची, पुरी पिकलेली माणसे. त्यांनी आणखी किती वर्षे 'होय मालक' म्हणायचे?

इथे बाबूरावांच्या बाजूनेही एक शब्द बोलला पाहिजे. ते पेढीवर बसणारे नव्हते. कलावंताला आपले घर विटेविटेने दुसऱ्याच्या नावावर करण्याची बुद्धी क्वचित होते. त्याला वाटते, आपण सगळे एकच तर आहोत, कागद कशाला? आणि नेमका कागद नसल्यामुळे घर फुटते. एकत्र कुटुंबातले थोरले भाऊ असेच वागतात. जीव लावतात, पण सातबाऱ्यावर धाकट्याचे नाव चढवायचे राहून जाते.

1 जून 1929 रोजी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनीची स्थापना झाली. विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल, शांताराम आणि छायाचित्रणात तयार झालेले केशवराव धायबर, हे चौघे बाबूरावांच्या हाताखालून उठून आले. भांडवलाची बाजू सीतारामपंत कुलकर्ण्यांनी उचलली, तेही पाचवे मालक झाले. ह्या पाच जणांच्या भागीदारीकडे नीट पाहा. जे त्यांना जुन्या घरी मिळाले नव्हते, तेच त्यांनी नव्या घराच्या पायात घातले. कामे वाटून घेतली: शांताराम दिग्दर्शन बघणार, धायबर कॅमेरा, फत्तेलाल कला, दामले यंत्रे. पण मालकी सर्वांची. गुरूने न शिकविलेला धडा शिष्यांनी गुरूच्या घरातूनच उचलला होता, असे म्हटले तर चालेल.

आणि गुरूने शिकविलेले तर सगळेच उपयोगी पडले. 'गोपाळकृष्ण' हे त्यांचे पहिले चित्र त्याच वर्षी आले. 1930 मध्ये 'उदयकाल' काढला. त्याचे मूळ नाव 'स्वराज्याचे तोरण', पण सरकारला ते नाव खपले नाही. 1931 च्या मार्चमध्ये मुंबईत 'आलम आरा' बोलू लागला, आणि मूकपटांच्या पोटावर पाय आला. अनेक कंपन्या त्या एका तडाख्यात बसल्या. महाराष्ट्र फिल्म कंपनीही टिकली नाही. प्रभातमध्ये मात्र दामल्यांनी ध्वनीचे यंत्र हाताळायला घेतले. पंधरा वर्षांपूर्वी ज्याने दातेरी चाके घासली होती, तो आवाजाच्या यंत्राला कशाला भिणार? 6 फेब्रुवारी 1932 रोजी 'अयोध्येचा राजा' पडद्यावर आला. मराठीतला हा पहिला बोलपट. दुर्गा खोटे आणि गोविंदराव टेंबे त्यात होते. आणि तो तयार झाला होता कोल्हापुरात.

1933 मध्ये प्रभातने पुण्याला बिऱ्हाड हलविले. कोल्हापूरला ते लागले. पण गंमत अशी, की मेट एकदा मोडले तरी गावात हत्यार धरणारे हात शिल्लक राहतात. राजाराम महाराजांच्या आश्रयाने त्याच वर्षी कोल्हापूर सिनेटोन निघाली. तीत बाबूराव पेंढारकर होते, त्यांचे बंधू भालजी होते, मास्टर विनायक होते. तीन वर्षांनी त्यातलेच विनायक, बाबूराव पेंढारकर आणि छायाचित्रकार पांडुरंग नाईक बाहेर पडले आणि त्यांनी हंस पिक्चर्स काढली. वि. स. खांडेकरांच्या कथेवरचा 'छाया' हा त्यांचा पहिला बोलपट. सिनेटोनचा स्टुडिओ पुढे भालजींच्या हाती येऊन जयप्रभा झाला. 1948 मध्ये, गांधीजींच्या हत्येनंतरच्या जाळपोळीत, तो जळाला. भालजींनी तो पुन्हा उभा केला, आणि त्या आवारात चंद्रकांत, सूर्यकांत, सुलोचना अशी माणसे घडली.

कोल्हापूरकरांवर एक आरोप नेहमी होतो: इथे चार माणसे एकत्र आली की पाचव्या वर्षी दोन कंपन्या होतात. असेल. उद्यमनगरात जाऊन पाहा, एका कारखान्यात ओतकाम शिकलेला गडी पुढे शेजारीच आपली शेड घालतो. पण ह्याला नुसती भाऊबंदकी म्हणून नाक मुरडावे, हे मला पटत नाही. ज्या घरातून कुणीच बाहेर पडत नाही, त्या घरात कदाचित काही शिकण्यासारखेच नसेल. वाईट वाटायचे ते फुटण्याचे नव्हे. फुटताना जुने घर ओसाड पडले, ह्याचे वाईट वाटते. महाराष्ट्र फिल्म कंपनीत मालकीची दारे वेळेवर उघडली असती, तर प्रभात आणि ती अशा दोन्ही कंपन्या बोलपटाच्या काळात उभ्या दिसल्या असत्या, असे मला राहून राहून वाटते.

अर्थात भागीदारीचा कागद केला की सगळे सुरळीत होते, असेही कुणी समजू नये. प्रभातचेच पाहा. 'संत तुकाराम' दामले-फत्तेलालांनी दिग्दर्शित केला, 1937 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. कंपनीचे नाव देशभर दुमदुमत होते. पण एका घरात दोन-तीन कर्ते झाले, आणि कर्तबगारीला जागा अपुरी पडू लागली. धायबर आधीच बाहेर पडले होते. 1942 मध्ये शांताराम गेले आणि त्यांनी मुंबईत राजकमल कलामंदिर काढले. 1945 मध्ये दामले वारले. त्यांच्यामागे कर्त्या माणसाची जागा भरेना, आणि 1953 मध्ये प्रभात बंद झाली. चौदा वर्षांपूर्वी बाबूरावांपुढे उभा राहिलेला प्रश्न 1942-45 मध्ये त्यांच्या शिष्यांपुढेही उभा राहिला, आणि त्यांनाही तो सुटला नाही. तोपर्यंत गुरुदत्त, देव आनंद ह्यांच्यासारखी पोरे मात्र त्या आवारातून शिकून निघाली होती. अनंत माने हे तिथेच संकलन करीत, त्यांनी 1959 मध्ये 'सांगत्ये ऐका' काढला. आणि 1960 मध्ये प्रभातच्या त्याच आवारात सरकारने फिल्म इन्स्टिट्यूट सुरू केली. ज्या विद्येला शाळा नव्हती, तिची शाळा कोल्हापूरच्या शागिर्दांनी बांधलेल्या स्टुडिओत भरू लागली.

आणि बाबूराव? कंपनी गेल्यावर त्यांनी हात जोडून बसणे पत्करले नाही. 1935 मध्ये शालिनी सिनेटोनसाठी 'उषा' केला, आणि 1936 मध्ये त्यांचा तो जुना 'सावकारी पाश' पुन्हा, ह्या वेळी बोलका करून काढला. पण बोलपटाचे जग त्यांचे नव्हते. त्यांची भाषा डोळ्यांची होती. मूर्तिकाम आणि चित्रे ह्यांत ते अधिक रमले. तशात 1947 साली राजकमलमध्ये 'लोकशाहीर राम जोशी' हे चित्र निघाले. स्टुडिओ शांतारामांचा, पैसा शांतारामांचा, मालक शांताराम. दिग्दर्शनासाठी बोलावले होते बाबूराव पेंटरांना. ज्या मुलाने सत्तावीस वर्षांपूर्वी बाबूरावांच्या कंपनीत सामान वाहिले होते, त्याच्याच स्टुडिओत आता म्हातारे बाबूराव दिग्दर्शक म्हणून उभे होते. चित्र उत्तम चालले. त्यातल्या लावण्या आणि पोवाडे गावोगाव गेले, तमाशाच्या फडांतून गायले गेले. त्यानंतर बाबूराव कोल्हापूरला परत आले, आपल्या रंगांकडे आणि मातीकडे. 16 जानेवारी 1954 रोजी ते कोल्हापुरातच वारले.